राणीच्या गालावरचा अंगठा

लोकांच्या घरी गादीखाली प्लास्टिकच्या थैल्या साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. सगळे एकाच मोहरेचे.

दर रविवारी सकाळी आमच्याकडे तिघांची बैठक बसते. एक आमचे हे, सरकारी दफ्तरातून रिटायर. दुसरे काळेसर, कॉलेजात इतिहास शिकवायचे. तिसरे सोनीजी, सराफ्यात दुकान. तिघांना जुन्या नाण्यांचं वेड. पोहे-जिलेबी माझी, ज्ञान त्यांचं.

*

मोहर राणीछाप, प्रूफ. प्रूफ म्हणजे बाजारात चालवायला नाही, नमुना म्हणून खास पाडलेली. आरशासारखी लखलखीत. उघडं बोट लागलं की डाग, आणि डाग लागला की शान गेली.

ती आली माझ्या पाटल्यांवर. आईने मला घातलेल्या पाटल्या. हे म्हणाले, सोनं देऊन सोनंच घेतोय, तुझं काय गेलं?

घरी आणली तशी ह्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि तिला कडेने, दोन बोटांत, अलगद उचललं. सोनीजी म्हणाले, "देखो भाभीजी, कैसे फूल की तरह पकड़ा है."

म्हटलं, "हो ना भिया. लग्नात माझा हात धरला होता, तेव्हा दोन बांगड्या फुटल्या."

*

दिवाळीला म्हटलं, लक्ष्मीपूजनात मोहर ठेवा, माझ्याच पाटल्या आहेत त्या. कुंकू लागेल म्हणून ह्यांनी मोहरेचा कलर फोटो काढून पाटावर ठेवला. मी गपचूप फोटोला हळदकुंकू वाहिलं.

जेवायला बसलो. ह्यांच्या ताटात मी अनारशांचा फोटो वाढला.

"हे काय?"

"नुसते बघा. हात लावला तर डाग पडेल."

सून पदर तोंडाला लावून आत पळाली.

*

मग तो रविवार. काळेसरांना भिंगातून राणीच्या गालावर डाग दिसला, पुसट, अंगठ्याएवढा. कुणाचा हात लागला? तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांवर शेव घालत होते.

हे म्हणाले, "हिच्याशिवाय कोण? सदा हळदीचे हात."

मी खजरान्याच्या गणपतीची शपथ घेतली. काळेसर म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, होते चूक माणसाकडून." म्हणजे माफच करून टाकलं मला, फटाफट.

कपाटाची चावी पहिल्या दिवसापासून ह्यांच्याच जानव्याला. तेव्हापासून मोहर बाहेर निघाली की मला स्वैपाकघरात धाडायचे. सुनेच्या माहेरचे आले तरी ह्यांची टेप सुरू, आमच्या हिने मोहरेची वाट लावली. व्याही-विहीणबाई खाली बघत बसायचे. पाटल्या माझ्या गेल्या, आणि डाग पण माझाच.

*

मी काय गप बसणार? नातवाला बर्थडेत सोनेरी पन्नीतली, राणीछाप चॉकलेटची नाणी मिळाली होती. एक मखमली डबीत ठेवलं आणि रविवारी तिघांसमोर आणलं. देवासच्या भावजयीने दाखवायला दिलंय म्हटलं, तिच्या आजेसासऱ्यांचं.

हातमोजे निघाले. दिवा आला. काळेसर दिव्याखाली भिंग लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, छाप जुना आहे, पण पाडलंय नंतर. सोनीजींनी भिंग घेतलंच नाही. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं, सराफ आहेत शेवटी. तेवढ्यात दिव्याच्या गरमीने राणी वाकडी झाली.

"सर," म्हटलं, "चाटून बघा, साल पण कळेल."

काळेसर दोन रविवार आले नाहीत.

*

बँकेत माझा अंगठा लावायचा होता. मशीन घेईना. हा अंगठा, तो अंगठा, पुसून, ओला करून. काउंटरवरची बाई म्हणाली, "अम्माजी, बर्तन घिस-घिस के आपकी तो लकीरें ही मिट गईं."

मी घरी येऊन सांगितलं, तर ह्यांनी रविवारी जोक करून टाकला. "हिच्या अंगठ्याला ओळखच राहिली नाही!" तिघेही हसले. मी पण हसले. पोह्यांवर लिंबू पिळत होते, बोटं चरचरत होती.

*

मागच्या महिन्यात मुंबईहून तपासणीवाल्या मॅडम आल्या. खरं-खोटं सांगणाऱ्या, पोरगीच तशी. तिने आपली मशीन आमच्या टीव्हीला जोडली. मोहर टीव्हीएवढी झाली. काळेसर, सोनीजी खुर्च्या ओढून बसले. ह्यांनी त्या दिवशी मला पण बसू दिलं.

"ओरिजिनल आहे," ती म्हणाली. ह्यांचे डोळे भरून आले. माझे पण, खोटं का बोलू, आईच्या पाटल्या होत्या.

मग तिने राणीचा गाल मोठा केला. अख्ख्या टीव्हीवर अंगठा. रेघेला लागून रेघ, कशी दाट, गोल गोल.

"किती साफ ठसा आहे," मॅडम म्हणाल्या. "कोणाचा?"

"हिचा," हे म्हणाले. लगेच.

मी उठले. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. अंगठा बुडवला, पांढऱ्या कागदावर दाबला आणि मॅडमपुढे केला. "बाई, जरा हा पण दाखव."

टीव्हीवर लाल गोळा आला. नुसता लाल. एक रेघ नाही त्यात.

काळेसरांचा चमचा पोह्यातच राहिला. सोनीजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभीजी, चाबी तो इनके..." आणि थांबले.

मी करंडा ह्यांच्यापुढे सरकवला. "घ्या. तुम्ही पण लावा."

ह्यांनी टेबलावरचे हातमोजे उचलले आणि घातले.