वरून येऊ नका

गोदावरीच्या पलीकडे आमचं सहा एकर रान होतं. नदीला पाणी आलं की तिकडे जायला होडीशिवाय इलाज नसायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो दुसरा पावसाळा. मी नुकताच बी.ए. होऊन गावी परतलो होतो आणि घरची होडी मीच चालवायचो. काठावर माणसं असली की वल्ही जरा जास्तच जोरात मारायचो, हेही कबूल करतो.

गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती. तिथला एक माणूस बायकोबरोबर पलीकडे बटईनं शेती करायचा. त्याचीही एक जुनी होडी होती. वयानं तो माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, पण आमच्या घरातली लहान पोरंसुद्धा त्याला 'अरे' म्हणायची. मीही म्हणायचो. शिकूनसवरून आलो तरी त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

भादव्यातली दुपार होती. वर कुठंतरी पाऊस झालेला, त्यामुळं पाणी गढूळ आणि चढलेलं. मी रिकामी होडी घेऊन घराकडं परतत होतो. खाली, नदीच्या मध्याजवळ, वाहून आलेली एक बाभूळ रुतून बसली होती आणि तिच्या फांद्यांत त्या नवराबायकोची होडी आडवी अडकली होती. होडीत गवताच्या पेंढ्या भरलेल्या. एक वल्हं मोडलेलं. बाई बाजूची फळी धरून बसली होती आणि तो बांबूनं फांदी रेटत होता.

त्यानं मला पाहिलं आणि हात हलवून ओरडला, "बापू, वरून येऊ नका! बाजूनं खाली जा, खालून या! मी दोर फेकतो!"

मला बरोबर ऐकू आलं. शब्द न् शब्द. पण मला सांगणारा हा कोण, असं मनात आलं. तेवढ्या घाईतही आलं. आणि खालून वळसा घालून, लांब थांबून दोर धरण्यात मर्दुमकी ती काय?

"घाबरू नको, आलोच!" मी ओरडलो आणि धारेबरोबर सरळ त्यांच्यावर गेलो.

धारेला लागलेली होडी माझ्यानं थांबेना. उलटी वल्ही मारली तोवर माझ्या होडीचं टोक त्यांच्या फळीवर आदळलं. त्या फळीवर बाईचा हात होता. ती ओरडली नाही. तिनं नुसता श्वास आत ओढला. मी घाबरून उभा राहिलो आणि तिला माझ्याकडं ओढायला वाकलो. त्याबरोबर माझी होडी कलंडली आणि मी पाण्यात गेलो.

फांद्यांत माझा पाय अडकला. वर येता येईना. तेव्हा कुणीतरी गचांडी धरून मला वर ओढलं. तोच होता.

"फळी धरा. वर चढू नका, हलू नका," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मग त्यानं पेंढ्या भराभर पाण्यात टाकल्या. होडी हलकी झाली, वर आली आणि फांदीतून सुटली. दोर कमरेला बांधून त्यानं उडी घेतली, तिरपं पोहत खालच्या वाळूला पाय लावले आणि आम्हां दोघांना ओढून घेतलं. माझी होडी वाहून गेली होती.

शेतातली माणसं धावत आली तेव्हा मी त्या बाईच्या हाताला माझा रुमाल बांधत होतो. तो खाली होडी बांधायला गेला होता. कुणीतरी म्हणालं, "बापूनं वाचवलं बघा! स्वतःची होडी घालवली, पण जीव वाचवले."

मी मान वर केली नाही. 'नाही' असंही म्हणालो नाही. बाई माझ्याकडं बघत होती.

चुलते सरपंच होते. आठवड्यात शाळेत सत्कार ठरला. नारळ, शेला, हेडमास्तरांचं भाषण. मी शेला अंगावर घेऊन बसलो. मग कुणाला तरी सुचलं की ज्याला वाचवलं त्यानंही दोन शब्द बोलावेत. तो मागून पुढं आला.

"बापू आमच्याकडं यायला निघाले, ते खरं हाय," एवढंच बोलून तो परत मागं जाऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी चुलत्यांना सगळं खरं सांगितलं. ते हसले. "झालं ते झालं. आता बोलून घराण्याची शोभा करतो का?" मी गप्प बसलो. ते मोठे होते म्हणून नाही. मला तेच हवं होतं म्हणून.

चार दिवसांनी मात्र वस्तीत गेलो. बाईच्या हाताला अंबडच्या दवाखान्यातली पट्टी होती. तीन बोटं कामातून गेली होती. तिनं मला बसायला घोंगडी टाकली, डाव्या हातानं.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"हाक ऐकू आली न्हाई का तुम्हाला?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आली होती."

तिनं मान हलवली आणि आत गेली. पाणी घेऊन मात्र ती नाही, नवरा बाहेर आला.

मी त्याला म्हणालो, "अडकलेल्याला कसं सोडवायचं ते तुम्ही मला शिकवाल का?" त्याला 'तुम्ही' म्हणताना जीभ अडखळली.

त्यानं नदीकडं पाहिलं. मग म्हणाला, "पाणी उतरू द्या."

पाणी उतरल्यावर त्यानं शिकवलं. अडकलेल्या होडीच्या वरच्या अंगाला कधी जायचं नाही. खाली, लांब थांबायचं. आधी दोर, मग माणूस. उभं राहायचं नाही. आणि अडकलेला काय म्हणतो ते आधी ऐकायचं. होडी त्याची, अडचण त्याला जास्त कळते. हे शेवटचं सांगताना तो माझ्याकडं न बघता दोराला गाठ मारत होता.

पुढं दोन वर्षांनी एका लग्नाच्या मंडळींची होडी तशीच अडकली. मी खाली थांबलो, विचारलं, दोर फेकला, एकेकाला शांतपणे काठाला आणलं. कुणाला खरचटलंही नाही. त्यांनी आभार मानले तेव्हा मी म्हणालो, "मला शिकवणारे खालच्या वस्तीत राहतात, त्यांना भेटून जा." त्यांना मुहूर्ताची घाई होती. ते गेले नाहीत.

मीही त्यांना घेऊन गेलो नाही. आणि शाळेत जमलेल्या त्या माणसांपुढं खरं काय घडलं ते आजवर एकदाही बोललो नाही.