आबाजींची गाठ

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही माझ्या वडिलांनाच दोष देत होती. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाहीये.

पोहण्यापासून सुरू करतो. आमच्या कोंढा गावाच्या भागात जिकडेतिकडे तलाव, पण आमच्या पिढीला पोहणं कुणी शिकवलं नाही. फेकलं. मी सात-आठ वर्षांचा असेन. बाबांनी मला उचललं आणि तलावाच्या पाळीवरून खोल पाण्यात टाकलं. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे हिरवा अंधार — आणि वर आलो की दिसायचे बाबा, पाळीवर उभे, बिडी ओढत. कसाबसा काठाला लागलो. "आला ना?" एवढंच म्हणाले. पाठीवर हात नाही, काही नाही. शिकणं म्हणजे हेच, असं मी धरून चाललो. पुढे शाळामास्तर झालो आणि छडीनं तसंच शिकवलं.

मग माझा मुलगा झाला, नरेंद्र. आणि बाबा बदलले. माणूस असा बदलतो? ज्यानं मला कधी जवळ घेतलं नाही, तो नातवाला खांद्यावर बसवून अड्याळच्या बाजारात न्यायचा! सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात नरूला पोहायला शिकवायचं ठरलं. बाबांनी बियाणं ठेवायचा वाळका भोपळा आढ्यावरून काढला, रिकामा केला, बूच लावलं. रोज सकाळी तो दोरानं नरूच्या पाठीला बांधायचे आणि स्वतः छातीभर पाण्यात उभे राहायचे. "भेऊ नोको बापू, मी आहो ना. पाय हालव!"

मी पाळीवरून ऐकायचो. तो भोपळा माझ्या लहानपणीही त्याच आढ्याला टांगलेला होता.

शेजारचा गणपत म्हशी धुता धुता मला चिडवायचा, "काहून गुरुजी, पोरगा परीक्षेलेबी भोपळा बांधूनच जाते का?" सगळे हसायचे. त्या हसण्यामुळे मी ते केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

त्या दिवशी नरूला पहिल्यांदाच खोल पाण्यात सोडायचं होतं. बाबांनी गाठ बांधली आणि धोतर खोचायला वळले. मी नरूजवळ गेलो. दोर टोचतो का बघतो, म्हणालो. मी सहसा जवळ जात नसे — त्याला बरं वाटलं असावं. तो हसला. मी गाठ ओढली. पूर्ण सोडली नाही. चार हात मारले की सुटेल, इतकीच.

का? लवकर शिकावा म्हणून? नाही. मला ते बघवत नव्हतं. जे मला मिळालं नाही ते त्याला मिळत होतं, आणि मला त्याचा हेवा वाटत होता — स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाचा.

त्यानं उडी मारली. थोड्याच वेळात भोपळा एकटा तरंगताना दिसला. मी काठावरच होतो, मला पोहता येत होतं, तरी थांबलो. येईल वर — मी आलो होतो. उडी मारली ती बाबांनी. धोतरासकट.

नरू वाचला. पाणी ओकला, रडला. लोक जमले, कसं झालं म्हणून विचारू लागले. मी म्हणालो, "बाबाचे हात कापतात आता. गाठ ढिली रायली."

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. संध्याकाळी अंगणात मला विचारलं, "खरंच ढिली होती का रे?" मी हो म्हणालो.

नंतर त्यांनी नातवाला कधी पाण्याजवळ नेलं नाही. धानाचे भारे त्यांच्याइतके घट्ट बांधणारा गावात नव्हता. त्या हंगामापासून ते दुसऱ्याला बांधायला सांगू लागले. बैलाचं दावं बांधलं तरी मला हाक मारायचे, "पाह्य बरं, बसली का गाठ." मी जाऊन पाहायचो. प्रत्येक वेळी बसलेली असायची.

ऐंशीच्या दशकात ते गेले. नरू तेव्हा साकोलीला शिकत होता, भेटायला आला. खाटेवरून त्याचा हात धरून म्हणाले, "तुले माहा राग तं नाही ना बापू?" नरू म्हणाला, "कायचा राग, आबाजी!" मी उशाशी बसून त्यांना चमच्यानं पाणी पाजत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. पुढचा चमचा भरला.

आता नरूच्या मुली नागपूरला पोहण्याच्या क्लासला जातात. घरात कुणाच्या पिशवीचा बंद सुटला की नरू अजून प्रेमानं म्हणतो, "आबाजींची गाठ!" मुली हसतात. परवा मीही हसलो.

गाठ घट्ट होती. ती सैल करायला मला दोन्ही हात लावावे लागले होते.