पुराच्या दिवशी इस्त्री

वस्ती रिकामी करायचा हुकूम आला आणि मी शर्टाला इस्त्री करत बसलो.

वीज गेलेली. म्हणून गॅसवर तांब्यात पाणी उकळलं आणि तो तांब्याच शर्टावर फिरवला. बाहेर कोतवाल ओरडून गेला, "धरणाचे दरवाजे उघडलेत. लगेच वर शाळेत जावा!" शेजाऱ्यांचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून पाहुण्यांकडं पिंगळीला निघून गेला. मी कॉलर दाबत होतो.

हसा खुशाल. पण आमच्या बुद्धवाड्यातून वर गावात जायचं तर मळका कपडा घालायचा नाही, हे मायनं लहानपणी मारून शिकवलेलं. मळके दिसलो की गाव म्हणणार, ही माणसं अशीच. चाळिशी उलटली, तरी मला पाण्यापेक्षा त्या नजरेचीच भीती जास्त.

मायला दमा. तिला पाठीवर घेतलं. नाल्यात पाणी कमरेला लागलं. शाळेत पोचेपर्यंत इस्त्री फक्त कॉलरला उरली होती.

वर्गात गावातल्या खालच्या आळीची घरं आधीच टेकलेली. दारात आप्पा. गावचे मोठे शेतकरी, खिचडीची व्यवस्था त्यांच्याकडं. म्हणाले, "तुमी व्हरांड्यात बसा. आत बायामाणसं हायेत."

मग माझ्या पाठीवर कोण होतं?

तरी मी "बरं आप्पा" म्हणालो. वर हसलोसुद्धा.

व्हरांड्यात पावसाची झड सरळ अंगावर. माय कुडकुडायली. तिच्या छातीत शिट्टी वाजायली. तेव्हा कुठं माझं हसू गेलं. तिला उचललं.

"आप्पा, सरका."

"आरं, ऐक तर..."

"सरका."

फळ्याखाली कोरड्या सतरंजीवर मायला टेकवलं. कुणी भांडलं नाही. एकेक घर आपलं अंथरूण गोळा करून शेजारच्या खोलीत गेलं. एवढ्या मोठ्या वर्गात आम्ही दोघंच. भिंतीवर पाढे. भिंतीपलीकडं खिचडी वाढल्याचा आवाज. आमच्याकडं कुणी फिरकलं नाही.

तिथंच ठरवलं. पुढच्या हुकमाला इस्त्री नाही. औषधं, कागद, बॅटरी, सगळ्याची एकच पिशवी दाराच्या खुंटीला, कायमची. पहिला टेम्पो गाठायचा. आणि शाळेतच यावं लागलं, तर चिखलाच्या पायानं सरळ वर्गात. कुणाला विचारायचं नाही. खोली रिकामी झाली तर होऊ दे.

हे मी बहुतेक मोठ्यानं बोललो. माय धापा टाकत म्हणाली,

"पुढच्या पुराचं ऱ्हाऊ दे. माझा दम्याचा पंप कुठाय, इस्तरीवाल्या?"