सत्तावीस बिअरची चादर

गुरुलिंग हत्तुरे यांच्यावर कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय. सोलापुरात पुतळे बसतात ते भाषणं करणाऱ्यांचे. या माणसानं आयुष्यात एकच भाषण केलं, तेही तीन-चार वाक्यांचं, आणि ते माझ्या सभेत केलं. त्याला कारणीभूत मीच होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की पुढारी निसटला.

भवानी पेठेत राजेशम शेठचा चादरींचा कारखाना होता. तिथं गुरुलिंगअण्णा डिझाईन काढायचे. चादरीवर मोर, कळस, फुलं दिसतात ती आधी चौकटींच्या कागदावर उतरतात. एक चौकट म्हणजे एक धागा. कागद बघून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, पत्ते मागावर चढतात, आणि पत्ता सांगेल ते माग निमूट विणतो. "माझ्या कागदात एक चौकट चुकलेली दाखव, मिशी उतरवतो," असं अण्णा छातीवर हात ठेवून म्हणायचे. तीस वर्षं मिशी शाबूत होती.

घर लिंगायत. उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. आणि हा माणूस बिअर प्यायचा.

मला ते कळलं सत्तर साल उलटल्यावर. स्टेशनजवळच्या परमिट रूममधल्या वेटरांची युनियन बांधायला मी तिथं गेलो होतो. तेव्हा दारूबंदी होती, म्हणूनच परवाना होता. हा इसम प्रकृती सांभाळण्यासाठी पितो, असं त्या परवान्याचं म्हणणं. सरकारचं खोटं छापील असतं. गरिबाचं तोंडी असतं, म्हणून तो सापडतो. तर कोपऱ्यातल्या टेबलाशी अण्णा. पुढं घरून आणलेला चहाचा काचेचा ग्लास, शेजारी कागदात बांधलेले कडक भाकरीचे तुकडे, कानामागं हिरवी पेन्सिल. वेटर त्यांच्याशी अदबीनं वागत होते. त्यांना वाटायचं, हा दारूबंदी खात्याचा साहेब, तपासणीला येतो.

"अण्णा, तुम्ही? पिता?"

"पितात ती जनावरं," ते म्हणाले. "मी चव उतरवून घेतो. बस की, उभा का?"

शेठबरोबर हैदराबादच्या प्रदर्शनाला गेले असताना एका व्यापाऱ्यानं त्यांच्या हातात पहिला ग्लास दिला होता. नाही म्हणणं जमलं नाही, आणि घोट गिळल्यावर त्यांना वाटलं की या चवीला नक्षी आहे. परतीच्या गाडीत गुडघ्यावर कागद धरून त्यांनी ती काढली. तेव्हापासून ध्यासच घेतला. जिथवर आपल्याच्यानं पोचवेल, तिथवरची प्रत्येक बिअर चाखायची आणि उतरवायची. सुट्टी बघून विजापूर, गुलबर्गा, पुणं, एकदा तर गोवा. घरी सांगायचं, "बाहेरगावची डिझाईनं बघून येतो." अर्धं खरंच होतं ते.

नियम कडक. आधी पाण्यानं चूळ. मग भाकरीचा कोरडा तुकडा. शेंगाचटणीला आदल्या दिवसापासून हात लावायचा नाही, जीभ बिघडते. अर्धाच ग्लास, लहान घोटांनी. उरलेली बाटली शेजारच्या टेबलाला. त्यामुळं चार जिल्ह्यांतले बेवडे त्यांना देवमाणूस समजत.

नोंद शब्दांत नाहीच. इंग्रजी लेबल वाचता येत नव्हतं, आणि शब्दांवर भरवसाही नव्हता. बिअरचा रंग तो पिवळ्या चौकटींनी. फेस किती चढला ते पांढऱ्यांनी. गोडी लाल, कडूपणा हिरवा. घोट गेल्यावर चव जितकी रेंगाळेल तितकी खाली शेपटी. प्रत्येक बिअरची अशी एक बुट्टी, म्हणजे सुटी छोटी नक्षी, तयार व्हायची. कागदाला कागद चिकटवत ते वाढवत नेलं. आडव्या ओळीत तीन, अशा नऊ ओळी. सात वर्षांत सत्तावीस. खाली नाव नाही, गाव नाही. कुठली बुट्टी कुठली, ते त्यांच्या डोक्यात. "ही घोड्याची, ही गुलबर्ग्याची काळी, ही एकोणिसावी, पुण्याची हरणाची." हे घोडे-हरणं लेबलावरची.

एवढं सुंदर डिझाईन त्यांनी शेठसाठी कधी काढलं नव्हतं. मला राग यायचा. म्हणायचो, "अण्णा, माणसं हातभट्टीनं मरतायत आणि तुम्ही नक्षी काढताय." ते म्हणायचे, "तू मोर्चे मोजतो की. मी काही बोललो?"

मग सत्त्याहत्तर साल आलं. दिल्लीत सरकार बदललं, दारूबंदीचं वारं पुन्हा सुटलं. मी व्यसनमुक्तीची सभा ठरवली. चाळीस कामगारांनी व्यासपीठावर दारू सोडल्याची शपथ घ्यायची, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एक चादर. राजेशम शेठला म्हटलं, चादरी तुम्ही द्या, नाहीतर तुमच्या दारात सभा घेतो. शेठ लगेच धर्मात्मा झाले. मी आणखी एक अट घातली. डिझाईन नवं पाहिजे, आणि ते पुन्हा बाजारात दिसता कामा नये. शपथेची चादर उद्या दुकानात टांगलेली मला चालणार नाही. चाळीस विणा आणि पत्तेसुद्धा जाळा. मोठा बाणेदार वाटलो होतो मी मला.

डिझाईन अण्णांनी काढायचं होतं. निरांजन आणि कळस ठरला होता. पण अण्णा टायफॉइडनं पडले. सरकारी दवाखान्यात वीस दिवस, तापात भान नाही. सभा आठ दिवसांवर आली तेव्हा कारखान्याचा मुकादम मायाप्पा त्यांच्या घरी गेला. मायाप्पा सांगोल्याकडचा, कामाला वाघ, विचारायला कच्चा.

"वहिनी, अण्णांनी काय कागुद काढून ठिवलाय का? शेट लई तापल्यात."

अण्णांच्या बायको सुंदरम्मा. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं काम चौकटींचं असतं हे ठाऊक होतं. गादीखाली एक गुंडाळी नवरा जिवापाड जपतो, सुट्टीच्या दिवशी उलगडून बघत बसतो, हेही ठाऊक होतं. एवढं जपतात म्हणजे महत्त्वाचंच असणार. त्यांनी ती काढून मायाप्पाच्या हातात दिली.

आमच्या पेठेत सोनं उघड्यावर राहील, डिझाईन राहणार नाही. शेजारच्या कारखान्यानं एकदा शेठचा मोर पळवला होता, तेव्हापासूनची रीत अशी की पत्ते कापून झाले की मूळ कागद मालकाच्या डोळ्यांदेखत बंबात घालायचा. सात वर्षांच्या सत्तावीस बिअर शेठच्या अंघोळीच्या पाण्याखाली गेल्या. चाळीस चादरी विणून झाल्या, आणि माझ्या बाणेदार अटीप्रमाणं पत्तेही त्याच बंबात गेले.

सभेच्या आदल्या दिवशी अण्णा काठी टेकत माझ्याकडं आले. अंगात नुसती हाडं. मायाप्पा भेटायला गेला होता, त्यानं कौतुकानं सगळं सांगितलं होतं.

"पुढारी, एक चादर दे."

मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं. मी गठ्ठ्यातली एक चादर उलगडली आणि माझं डोकंच फिरलं. ज्या चादरी पांघरून माणसं दारू सोडणार होती, त्या चादरींवर घोडा, हरीण, गुलबर्ग्याची काळी, सगळ्या फेसासकट हजर. सभा रद्द करायची तर गावभर पत्रकं लागलेली. मी दोन शिव्या हासडल्या. कुणाला, ते मलाही कळलं नाही.

"शपथ घेतल्याशिवाय चादर नाही," मी म्हणालो. "आमदार आला तरी नाही. चाळीस चादरी, चाळीस माणसं."

"सात वर्षं गेली रे माझी त्यात. दुसरीकडं कुटं शिल्लक न्हाई ते."

"मग उद्या या. एकोणचाळीसच नावं आलीत. एक जागा आहे."

नोंद हवी तर पिणं सोडायचं. पिणं ठेवायचं तर नोंद गेली. आणि शपथ घ्यायची तर आधी चारचौघांत सांगायचं की मी पितो. ते काठी टेकत परत गेले.

सभा शाळेच्या मैदानात. पुण्याचे एक नामवंत पाहुणे बोलावले होते. बायकांच्या बाजूला पुढं सुंदरम्मा बसलेल्या, नवऱ्याच्या हातची चादर बघायला हौसेनं आलेल्या. रीत अशी होती की एकेकानं यायचं, काय पितो, किती वर्षं पितो ते सांगायचं आणि शपथ घ्यायची. "हातभट्टी, बारा वर्षं." "देशी, लग्नाआधीपासून." एकोणचाळीस झाले. मी माइकवर चाळिसावं नाव विचारलं, तर अण्णा उठले. मैदानात कुजबुज झाली. विभूती लावलेला माणूस सत्काराला चाललाय, असंच लोकांना वाटलं.

"बिअर," अण्णा माइकवर म्हणाले. "सत्तावीस."

पाहुणे वाकले. "सत्तावीस वर्षं?"

"सत्तावीस जातीच्या. बाटली पुरी एकबी न्हाई. आजपासून घोट घेणार न्हाई, ही शपथ. खोटं कशाला बोलू, वाईट वाटतंय."

लोक हसले, मग टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी चादर त्यांच्या खांद्यावर घातली, तिच्यावरून हात फिरवला आणि माइकवर म्हणाले, "या नक्षीकडं पाहा. हिच्यातच संयम दिसतो." मी पायाखालच्या सतरंजीकडं बघत उभा राहिलो.

घरी सोडायला मीच गेलो. वाटलं, आता भांडी वाजणार. सुंदरम्मांनी पाणी दिलं.

"तुला कागदाचं सांगितलं न्हाई, चुकलं," अण्णा म्हणाले.

"कागदाचं मला म्हाईत नव्हतं. पिण्याचं म्हाईत होतं."

"कसं?"

"पिताना लिंग पाठीवर सरकवायचा की तुमी. घरात येताना पुढं घ्यायचं इसरायचा. सात वर्षं बघते." मग माझ्याकडं वळून, "का हो पुढारी, देवाला पाठीमागून वास येत न्हाई व्हय?"

अण्णांचा हात आपोआप डबीकडं गेला. ती पुढंच होती.

"साकु," सुंदरम्मा म्हणाल्या. पुरे, झालं एकदाचं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. व्यसनमुक्तीच्या अहवालात मी ती इथंच संपवली होती. पण दुसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला. जाऊन बघतो तर चादर जमिनीवर पसरलेली आणि अण्णा भिंग घेऊन तिच्यावर ओणवे.

"एकोणिसावी बघ. पुण्याची हरणाची. हिरव्या चौकटी मोज."

"सात."

"सहा पायजे होत्या. एवढी कडू नव्हती ती."

मी शपथ घेतलेल्यांच्या घरोघरी फिरून मोजल्या. चाळीसच्या चाळीस चादरींवर सातच निघाल्या, म्हणजे विणणाऱ्याची चूक नव्हे. मायाप्पाला बोलावलं. तो देवाची आण घेऊन म्हणाला, "म्या मोजून भोकं पाडल्यात. कागदावर सातच हुत्या." म्हणजे एकतर मायाप्पा चुकला, नाहीतर अण्णांनीच तेव्हा सात काढल्या आणि आता आठवण दगा देतेय. आणि कागदात चौकट चुकली असेल तर मिशी जाते. कागद बंबात. पत्ते बंबात. खात्री करायचा मार्ग एकच, पुण्याला जाऊन पुन्हा अर्धा ग्लास. आणि तो मार्ग मी माइकवरून बंद केला होता.

शपथ त्यांनी पाळली. चाळीसांतली तीस-पस्तीस माणसं सहा महिन्यांत पुन्हा गुत्त्यावर दिसली, चादर अंगावर घेऊन. अण्णा गेले नाहीत. कामावरून आले की चादर पसरायची आणि त्या एका चौकटीकडं बघत बसायचं. मिशीवरून हात फिरवणं मात्र थांबलं.

मला ते बघवेना. पुढच्या वर्षी कामगार परिषदेला पुण्याला गेलो तेव्हा त्यांनी सांगितलेली परमिट रूम हुडकून काढली. मी जन्मात थेंब घेतलेला नव्हता, पण शपथही घेतलेली नव्हती. शपथ मी द्यायचो. खिशात कडक भाकरी होती. चूळ भरली, तुकडा खाल्ला, हरणाची बाटली मागवली आणि डोळे मिटून अर्धा ग्लास रिचवला. सोलापूरला उतरल्यावर पिशवीसकट थेट अण्णांच्या घरी.

"सातच आहेत, अण्णा. सात काय, सतरा असतील. जहर कडू."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, नवशिक्या विणकराला न्याहाळावं तसं.

"याच्याआधी किती चाखल्या होत्या?"

"एकही नाही."

"मग? कोऱ्या जिभेला सगळंच कडू." त्यांनी चादरीची घडी घातली आणि कितीतरी दिवसांनी मिशीवरून हात फिरवला. "आदी पहिल्या अठरा चाखून ये, पुढारी. मग एकोणिसावीचं बोलू."