अष्टमीला काटा हलला नाही

अ‍ॅमीटरचा काटा शून्यावर होता. मी काचेवर टिचकी मारली. तरी शून्यावरच.

"हे चालू आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"चालू आहे."

"मग हलत का नाही?"

साहेब ठाण्याच्या एका सरकारी ऑफिसातून आलेले. होडी खाडीच्या मधोमध खुंटाला बांधलेली. मागे पाण्यात पंखा, पंख्याला जोडलेली माझी मोटर, मोटरीपासून दोन बॅटऱ्यांपर्यंत वायरी. सगळं जागच्या जागी. फक्त पंखा फिरत नव्हता. होडीचा मालक, धर्मा नाखवा, पुढच्या टोकाला पाठ करून बसलेला. 'मी आधीच सांगितलेलं', हे तोंड न उघडता सांगायची त्याची ती पद्धत.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "सोमवारी शेरा लिहीन. प्रात्यक्षिक निष्फळ."

त्या एका शब्दावर नाखव्याची होडी अवलंबून होती. म्हणून ही गोष्ट आधीपासून सांगतो.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. जळालेली मोटर उघडायची, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हा धंदा. संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण खाडीच्या प्रश्नावर पत्रकं काढतो. स्टेन्सिल मी कापतो, भाषाही बहुतेक माझीच. अशा एका पत्रकासाठी खाडीकाठी माहिती विचारत गेलेलो, तेव्हा नाखवा म्हणाला, "कागुद नको बाला. इंजिन बसलाय माजा, त्याचा बोल."

डिझेल इंजिन कायमचं बसलं होतं. मोठ्या खाडीत शीड चालतं, पण बंदराकडे वळणारा फाटा अरुंद, दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी. तिथे वारा मरतो. वल्ही मारायला एके काळी दोन भाऊ होते, ते आता कारखान्यात. एकटा नाखवा साठीच्या पुढचा. खाडीतली रेती उपसणारा रेतीवाला होडी विकत मागायला दोनदा येऊन गेलेला.

त्याला ताकद हवी होती ती फक्त त्या शेवटच्या फाट्यात, वीसेक मिनिटं. तेवढी बॅटरी देते. पण ती चार्ज कुठे करायची? बंदरावर विजेचा खांब आहे, वीज नाही. अर्ज विचाराधीन आहे. खांबाला गंज चढला, विचार संपलेला नाही.

तेव्हा मी ठरवलं, होडीनेच वीज करायची. कायम चुंबकाची डीसी मोटर दोन्हीकडून चालते. वीज दिली की पंखा फिरवते. उलट पाण्याने पंखा फिरवला की तीच मोटर डायनॅमो होते आणि वीज परत देते. शिडावर होडी पुढे गेली की पाणी पंखा फिरवणार, बॅटरी भरणार. आमच्या मालकांनी भंगारातली एक चांगली मोटर महिनाभराच्या बोलीवर दिली. नाखव्याच्या मच्छीमार सोसायटीने साहेबांच्या खात्याकडे अर्ज केला. शेरा चांगला आला तर मोटर योजनेतून नाखव्याकडे राहणार. नाही तर मोटर वर्कशॉपला, होडी रेतीवाल्याला.

पहिल्या दिवशी शीड भरलं, पंखा फिरला, करंट नाही. कारण साधं. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. पंपाचा जोर गच्चीपर्यंत पोचला नाही तर थेंबही वर चढत नाही. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे चोवीस व्होल्ट. आमचा पंखा एवढ्या हळू फिरून तेवढा जोर देईना. मी एक चेंजओव्हर स्विच बसवला. खटका खाली, मोटर चालवायला चोवीस व्होल्ट. खटका वर, चार्जिंगला दोन्ही बॅटऱ्या शेजारी-शेजारी, बाराच व्होल्ट. टाकी एक मजला खाली आणली म्हणा. काटा हलला.

पण नाखवा वैतागला. "होरी कोन पाठून धरतंय रं?"

पाणी पंखा फिरवतं ते होडीच्या वेगातूनच. फुकट नाही. शिवाय वारा कधी आहे, कधी नाही. काटा दोनवर जायचा, पुन्हा शून्य.

तोड नाखव्यानेच काढली. त्याचं डोल जाळं असतं. पिशवीसारखं, प्रवाहाकडे तोंड करून खुंटांना बांधतात आणि तासन् तास थांबतात. पाणी धावतं, मासे आत येतात. "शीड कशाला?" तो म्हणाला. "आपन थांबतू, पानी धावतंय. तुजा पंका तवा फिरव."

होडी बांधली. पंखा पाण्याच्या ओढीने गरगरायला लागला. काटा चारवर गेला आणि तिथेच राहिला. चार तासांत त्या फाट्यापुरती बॅटरी भरली. मी होडीत उभा राहून ओरडलो. नाखव्याची बायको, हिराबाई, बंदरावरून ओरडली, "इंजिनेर, बस खाली, बुरशील!"

साहेबांनी तारीख दिली. पुढचा गुरुवार, सकाळी अकरा.

"गुरवारी नको," नाखवा म्हणाला. "आष्टमी हाय."

इथे माझं चुकलं. त्याच आठवड्यात आम्ही मुहूर्त बघण्याविरुद्ध पत्रक वाटलेलं. मी नाखव्याला तेच पत्रक तोंडी ऐकवलं. अष्टमी-नवमी देवळात ठेवा, मोटरीला तिथी कळत नाही, असं बरंच. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरा. तू शिकलेला."

त्या गुरुवारी काटा हललाच नाही; साहेबांना बंदरावर सोडल्यावर मी त्याच्यासमोर बसलो. "नाखवा, आज पाणी का धावलं नाही?"

"आष्टमीला भांग. पुनवेला नि आवसेला उधान. भांगाला पानी चढत नाय, उतरत नाय, नुसता डुलतंय. आमी डोल पन लावत नाय."

"मग तेव्हा नीट का नाही सांगितलंत?"

"तू बोलत व्हतास ना."

बंदरावर उभी असलेली हिराबाई हसली. मला हसू आलं नाही. तिथी हे त्याचं भरतीचं वेळापत्रक होतं आणि मी त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा झालो होतो. चार बुकं शिकून आम्ही हेच करतो, आणि वर पत्रक काढतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ठाण्याला गेलो, पुनवेच्या सुमाराची तारीख मागितली.

"माझा दौरा तुमच्या तिथीवर ठरवू?" साहेब म्हणाले. "असा अर्ज मी फाइलला लावू शकत नाही."

शनिवारी पुन्हा गेलो. साहेब मीटिंगमध्ये. रविवारी मुंबईच्या एका ओळखीच्याकडून मुंबई बंदराचं छापील भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवलं. इंग्रजीत, आकड्यांचं. शेजारी पंचांग ठेवून रात्री दोन्ही जुळवलं. अष्टमीला पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी, पुनवेच्या आसपास सगळ्यात जास्त. त्यातही गुरुवारी अकराला ओहोटी संपत आलेली, म्हणजे होतं तेवढंही पाणी थांबलेलं.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी दारात उभा. कोष्टक टेबलावर ठेवलं. साहेबांनी चष्मा लावला.

"हे आधी का नाही आणलं?"

"हेच नाखव्याने सांगितलेलं."

"त्याने अष्टमी सांगितली."

"तेच ते, साहेब."

त्यांनी पेन उघडलं आणि पुनवेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली. तिथी फाइलला लागत नव्हती. इंग्रजी कागद लागला. यावरही एक पत्रक निघेल.

त्या दिवशी आठला जाळं लावून होडी खुंटाला बांधली तेव्हाच पाणी घोंघावत चढत होतं. काटा चार. मध्येच धपकन शून्य. साहेबांनी भुवया वर केल्या. नाखव्याने वाकून पंख्यातून प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. "ही तुमच्या शेहराची मासली." काटा पुन्हा चार.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता बसाचा," नाखवा म्हणाला. साहेब बसले. हिराबाईने दिलेली भाकरी आणि सुकट खाल्ली, दुसऱ्यांदा मागूनही घेतली. दुपारी जाळं काढलं, शिडावर फाट्याच्या तोंडाशी आलो, शीड गुंडाळलं, मी खटका खाली केला. आवाज न करता होडी फाट्यात शिरली आणि तिवरांमधून सरळ बंदराला लागली. नाखव्याने वल्ह्याला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून मुद्दाम बसला होता.

शेरा आला : समाधानकारक, उधाणाच्या दिवसांपुरते. साहेबांना ती उणीव वाटली. भांगाला नाखवा जाळंच लावत नाही, होडी बंदरात असते. मोटर नाखव्याकडे राहिली, म्हणून शेरा दुरुस्त करायचा अर्ज मी केला नाही. रेतीवाला तिसऱ्यांदा आला, त्याला हिराबाईनेच परत पाठवला.

मुहूर्ताविरुद्धची पत्रकं बरीच उरली होती. पाठची बाजू कोरी. त्यातल्या एकावर नाखव्याला विचारून उधाण-भांगाच्या तिथी लिहिल्या आणि तो कागद बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. माझा मजकूर लाकडाकडे, त्याचा वर.