पहिल्या पानावरची झोप

माझ्या हातून काय झालं ते सांगतो. ऐकून झाल्यावर मला पुन्हा चहा पाजायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा.

यवतमाळात माझी अख्खी हयात बातमीदारीत गेली. सरकारी दवाखाना म्हटलं की माझं डोकं आधी तापतं, पेन नंतर चालतं. त्या दुपारी कॅज्युअल्टीत पेशंटची ही रांग, आणि बाजूच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण चक्क झोपलेली! भिंतीवर तक्ता: कोणता डॉक्टर किती वाजता झोपला, किती वाजता उठला. म्हणजे आळसाचंही वेळापत्रक? मी दोन्हींचे फोटो काढले.

दाराशी बसलेल्या सिस्टर उठल्या. "भाऊ, कायले फोटो काढून राह्यले? वीस मिनिटं थांबा, मॅडम उठल्या की बोला."

"पेशंटनं थांबायचं, आता पत्रकारानंही थांबायचं?"

"पेशंटजवळ दुसरे सर हायेत ना. डोळे हायेत का बटनं?"

सिस्टरही सामील आहे, याची माझी खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी पहिलं पान! पुसदहून फोन, वणीहून फोन. "भाऊ, धुतलं तुम्ही!" मग कार्यकर्त्यांनी अधिष्ठात्यांना उशा भेट दिल्या. एकानं अंगाई म्हटली, तीही बेसूर. लगेच चौकशी लागली, खोलीला कुलूप लागलं, आणि मी छाती फुगवून प्रतिक्रिया घ्यायला गेलो.

डॉक्टरीणबाई एका पेशंटला टाके घालून बाहेर आल्या. डोळे लालभडक.

"बसा काका. तो अभ्यास होता. लांब ड्युटीत वीस मिनिटं झोप मिळाली तर डॉक्टरच्या हातून चुका कमी होतात का, ते आम्ही तपासत होतो. रीतसर परवानगी घेऊन. तक्त्यावर त्याच्याच नोंदी होत्या. आता बंद केलाय."

"मग मला सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं कुठे?"

खुलासा छापतो म्हणालो.

"छापा. पण परवानगी देणारे घाबरलेत. ते आता पुन्हा सही करत नाहीत."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "पण हे तुम्हाला सुचलं कसं?"

"माझ्यासोबत एक डॉक्टर होता. सलग दीड दिवस ड्युटी करून महागावला घरी निघाला. गाडी चालवतानाच डोळा लागला त्याचा."

ती बातमी मला आठवली. मीच दिली होती. 'भरधाव दुचाकी झाडावर आदळून डॉक्टर ठार.'

त्यातलं 'भरधाव' मी माझ्या मनानं घातलं होतं.