हरणांची बारी

"थकनू, मास्तर," म्हणत आबा फावडं खाली टाकायचे, कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघायचे, आणि आपण 'बसा आता' म्हणेपर्यंत पुन्हा कामाला लागलेले असायचे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्या शेजारी राहणं म्हणजे ताप. आपल्याला धड आळससुद्धा करता येत नाही.

साक्रीकडच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो आणि आबा पाटकरी. नाल्यावरच्या बंधाऱ्याचं पाणी, ज्याची बारी असेल त्याच्या शेतात सोडायचं, हे त्यांचं काम. बारी चुकली की डोकी फुटायची. लोकांची बोलणी खायची आबांना सवयच झाली होती.

एका उन्हाळ्यात तहानलेली हरणी गावच्या विहिरीत पडून मेली. पाणी नासलं म्हणून सगळे चरफडले. आबांनी तिला दोर लावून वर काढली आणि पंचांसमोर जाऊन हरणांसाठीही पाण्याची बारी मागितली. म्हणाले, "बठ्ठास्नी बारी शे. त्यास्नी का बरं नही?"

"हरणं शेतसारा भरतात का, आबा?" कुणीतरी विचारलं. हशा पिकला. आबाही हसले आणि फावडं घेऊन रानाकडे गेले.

रानाच्या कडेला, नाल्यालगत एक खोलगट जागा होती. नाल्यातून तिथवर चारी काढायची, खालच्या अंगाला मातीचा बांध घालायचा आणि तळं भरलं की उरलेलं पाणी परत नाल्यात सोडायचं, एवढाच बेत. शाळा सुटली की मी मातीच्या पाट्या वाहायचो. का वाहायचो, देव जाणे! पहिल्या पुराने बांध नेला. पुढच्या वर्षी सगळं गाळाने भरलं. माझी पाठ कामातून गेली.

"सोडा ना हा उद्योग, आबा," मी वैतागून म्हणायचो.

"सोडस ना. इतली पाटी टाका, मंग सोडस."

शेवटी एकदाचं पाणी टिकलं. पाडसांचे पाय घसरू नयेत म्हणून आबांनी एक काठ उतरता ठेवला होता. मोर आले, ससे आले, मग हरणं आली. "जावई आले का हो पाण्यावर?" बाया आबांना चिडवायच्या, आणि म्हातारा लाजायचा. आबा चारीतला पाला काढत असले तरी हरणं खुशाल पाणी प्यायची. मी दिसलो की मात्र पळायची. एवढ्या पाट्या वाहिल्या, त्याचं काहीच नाही! मला रागच यायचा.

मग लढाईच्या दिवसांत कुणी बडा साहेब शिकारीला आला. "नशीब काढलंत, आबा," पाटील म्हणाले. "तळ्याकाठच्या झाडावर मचाण बांधायचंय. संध्याकाळी साहेब बसतील. हरणं आयती समोर येणार."

आबांनी कुदळ उचलली. भर दुपारी तळ्यावर गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी चारीचं तोंड दगडांनी बुजवलं आणि बांधावर कुदळ घातली.

"अहो आबा, वर्षं गेली यात!"

"गयात," ते म्हणाले. "हात लावा, मास्तर. माले एकलाले जमत नही."

दोघांनी मिळून बांध फोडला. पाणी नाल्याला मिळालं आणि मागे नुसता चिखल उरला. पण ऊन कलल्यावर हरणं आलीच. त्यांना काय ठाऊक! खालच्या वाटेने मचाणाचे बांबू घेऊन माणसं वर येत होती. आबा ओरडले, हात उडवले. कळप जरा मागे सरला आणि त्यांच्याकडेच बघत उभा राहिला. पुढे एक गाभण हरणी होती.

आबांनी दगड उचलला. पहिला मुद्दाम बाजूला टाकला. ती हलली नाही. दुसरा तिच्या बरगडीवर बसला. तेव्हा कुठे कळप उधळला, आणि पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. आबा चिखलातच खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

साहेब रिकाम्या हाताने परतला. पाटलांनी आबांचं पाटकरीपण काढून घेतलं. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. पुढे अंथरुणाला खिळले, तेव्हाही मी गेलो की एकच विचारायचे, "मास्तर, तिले फार लागनं व्हई का?"

"नाही हो, आबा," मी दरवेळी सांगायचो. दगड बसल्याचा आवाज मीही ऐकला होता.